रेषा सरकली, म्हणजे कोण हललं?

अर्थशास्त्र स्पेशल घेतलेल्या मुलांना दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी सगळ्यात जड जातो तो मॅक्रोचा, म्हणजे स्थूल अर्थशास्त्राच्या सिद्धान्ताचा पेपर. पहिल्या वर्षी राष्ट्रीय उत्पन्नाची व्याख्या, बँकांची कामं आणि महागाईचे प्रकार पाठ केले की निभावतं. पुढच्या पायरीवर मात्र वस्तूंचा बाजार, पैशाचा बाजार, श्रमाचा बाजार आणि परकीय चलनाचा बाजार एकदमच हलायला लागतात आणि एकाचं उत्तर दुसऱ्याच्या उत्तरावर अवलंबून राहतं. यात गणित फारसं नाही. दोन चलांची समीकरणं सगळ्यांनी दहावीलाच सोडवलेली असतात. अवघड असतं ते चार गोष्टी एकाच वेळी नजरेत धरणं.

हा पेपर मी पुण्यात बी.ए.ला शिकले, एम.ए.ला पुन्हा शिकले आणि गेली काही वर्षं अभ्यासिकेत बसणाऱ्या मुलामुलींना तो समजावून सांगते आहे. माझी शाळा सोलापूर जिल्ह्यातली, मराठी माध्यमाची. अहुजा आणि मॅन्किव यांची इंग्रजी पुस्तकं हातात आली तेव्हा ती मी मराठीतून, मोठ्यानं बोलून समजून घेतली. त्या बोलण्यातून जे हाती लागलं ते इथे क्रमानं मांडते. या विषयातलं प्रत्येक मॉडेल कुठल्या तरी अटीवर उभं असतं. ती अट शोधणं हाच खरा अभ्यास आहे, असं माझं ठाम मत आहे.

१. रेषा काढण्याआधी विचारा, ठरवतंय कोण?

व्याजदर आणि उत्पन्न यांच्या आकृतीत वस्तूंच्या बाजाराची आयएस रेषा डावीकडून उजवीकडे उतरते. का, असं विचारलं की उत्तर येतं, ‘व्याजदर कमी झाला की उत्पन्न वाढतं.’ हे उत्तर अर्धंच आहे. व्याजदर उतरला म्हणून चाकणचा एखादा कारखानदार नवं यंत्र घ्यायचं ठरवतो, कुणी फ्लॅटसाठी कर्ज काढतं. यंत्र बनवणाऱ्याच्या आणि गवंड्याच्या हातात पैसा येतो, तेही त्यातला काही खर्च करतात. होता होता उत्पादन एवढं वाढतं की वाढलेल्या मागणीला ते पुरं पडतं. तिथे एक बिंदू मिळतो. दुसऱ्या व्याजदराला दुसरा बिंदू. अशा बिंदूंची ओळ म्हणजे आयएस.

मागणीची रेषा ग्राहकाचं वागणं दाखवते. आयएस कुणा एकाचं वागणं दाखवत नाही, ती समतोलाच्या जागांची यादी आहे. एवढं पक्कं झालं की रेषेवरून सरकणं आणि रेषाच सरकणं यांतला गोंधळ मिटतो. सरकारनं खर्च वाढवला, तर दोन्ही अक्षांवर नसलेली गोष्ट बदलली, म्हणून अख्खी रेषा सरकली.

मी मुलांना प्रत्येक आकृतीखाली चार ओळी लिहायला लावते. निर्णय कोण घेतंय, काय बदललं, काय जागेवर धरलंय, आणि ही हालचाल कुठे व का थांबते. चौथी ओळ सगळ्यात मोलाची. थांबण्याचं कारण सांगता येत नसेल, तर समतोल हा शब्द नुसताच पाठ झालेला असतो.

२. हिशेबाचं समीकरण वेगळं, वागण्याचं वेगळं

बचत बरोबर गुंतवणूक. हे समीकरण पुस्तकात दोनदा येतं आणि दोन्ही वेळा त्याचा अर्थ निराळा असतो.

दुचाकींच्या एखाद्या कारखान्याचं उदाहरण घ्या. गाड्या तयार झाल्या, पण विकल्या गेल्या नाहीत, आवारात उभ्या राहिल्या. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात हा वाढलेला साठा गुंतवणूक म्हणून धरला जातो. त्यामुळे वर्षाअखेरीचा हिशेब काहीही झालं तरी जुळतो. पण कारखान्यानं ती गुंतवणूक ठरवून केलेली नव्हती. पुढच्या महिन्यात तो एक शिफ्ट कमी करतो, कामगारांचं उत्पन्न घटतं आणि सगळी घसरण सुरू होते. हिशेबातली बरोबरी नेहमीच खरी असते. ठरवलेली बचत आणि ठरवलेली गुंतवणूक मात्र समतोलातच बरोबर येतात. केन्सचा उत्पन्ननिश्चितीचा सिद्धान्त या फरकावर उभा आहे.

राष्ट्रीय उत्पन्नाचा भाग रुक्ष म्हणून मुलं तो पटकन उरकतात. मला तो फार जवळचा वाटतो. दादाभाई नौरोजींनी १८६७-६८ सालासाठी हिंदुस्थानातल्या माणसाचं सरासरी वार्षिक उत्पन्न वीस रुपये काढलं, ते ब्रिटिश राज्याला जाब विचारण्यासाठी. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष महालनोबिस होते, आणि पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ व व्ही. के. आर. व्ही. राव हे सदस्य. काय मोजायचं आणि काय सोडायचं हे माणसांनी बसून ठरवलेलं आहे. शेतात पिकवून घरीच खाल्लेली ज्वारी उत्पन्नात धरली जाते. ती ज्वारी निवडून, दळून तिच्या भाकरी थापणाऱ्या बाईचं काम धरलं जात नाही. हे ठाऊक असेल तर ‘जीडीपी एवढे टक्के वाढला’ ही बातमी वाचताना योग्य प्रश्न सुचतो.

३. गुणकाच्या मागे शेवटच्या दुकानापर्यंत जा

गुणकाचं सूत्र दोन मिनिटांत पाठ होतं. सीमांत उपभोग प्रवृत्ती ०.८ असेल तर गुणक ५. सरकारनं १०० कोटी खर्च केले की उत्पन्न ५०० कोटींनी वाढलं, उत्तर संपलं. खरी मजा या उत्तराच्या आत आहे. १०० कोटी मिळालेल्यांनी ८० खर्च केले, ते मिळालेल्यांनी ६४, पुढच्यांनी ५१.२. प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी दुकानात जाऊन काहीतरी मागतं आहे. दुकानदारानं ते दिलं पाहिजे, कारखान्यानं किंवा शेतानं ते आणखी पिकवलं पाहिजे. न वापरलेली यंत्रं आणि रिकामे हात आधीपासून पडून असतील तरच ही साखळी पुढे जाते. केन्सनं १९३६ मध्ये पुस्तक लिहिलं तेव्हा ब्रिटनमध्ये नेमकी तीच स्थिती होती. मंदीनं बंद पाडलेले कारखाने होते आणि दाराशी उभे कामगार होते.

केंब्रिजमध्ये शिकून आलेल्या राव यांनी १९५२ मध्ये एका लेखात विचारलं की भारतात हे लागू पडेल का? त्यांचं उत्तर नकारार्थी होतं. इथली बेकारी शेतीत दडलेली आहे, पडून असलेली यंत्रं फारशी नाहीत आणि लोक वाढीव उत्पन्नातून मागणार ते मुख्यतः धान्य. धान्य तर आज पैसे दिले म्हणून उद्या वाढत नाही. मग पैशातलं उत्पन्न वाढेल, भाव वाढतील, खरं उत्पादन जागच्या जागी राहील.

हा लेख मी वाचला तेव्हा मला आजीच्या गोष्टी आठवल्या. बहात्तरच्या दुष्काळात ती रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. राज्य सरकारनं तेव्हा गावोगावी कामं काढली होती. वि. स. पागे यांनी आखलेली रोजगार हमी योजना त्याच काळात राज्यभर पोचली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. आजीच्या बोलण्यात मजुरीपेक्षा जास्त वेळा यायचं ते धान्य. कामावर मिळणारी सुकडी, रेशनवरचा अमेरिकेचा लाल मिलो, बाजारात न दिसणारी ज्वारी. नुसती मजुरी देऊन तेव्हा भागलं नसतं, कारण साखळी पहिल्याच दुकानात, धान्याच्या दुकानात अडली असती. मजुरीबरोबर बाहेरून धान्य आणलं म्हणून हातातल्या पैशाला अर्थ राहिला. राव यांचा मुद्दा आमच्या घरात आधीपासून नांदत होता. मला तो फक्त सिद्धान्त म्हणून नव्यानं भेटला.

पण म्हणून ‘भारतात गुणक चालत नाही’ असं एका ओळीत लिहू नका. आज गोदामात गहू-तांदूळ असतो, बिस्किटांचे, साबणाचे, कापडाचे कारखाने मागणी नसल्यामुळे कमी क्षमतेनं चालतात, अशी वर्षं येतात. तेव्हा ग्रामीण मजुरी वाढली तर साखळी बरीच लांब जाते. उलट २०२० च्या टाळेबंदीत दुकानंच बंद होती. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत जीडीपी आदल्या वर्षीच्या तुलनेत २३.९ टक्क्यांनी आक्रसल्याचा पहिला अंदाज आला. त्या तीन महिन्यांत खात्यात टाकलेला पैसा जीव जगवण्यासाठी होता, त्यातून मोठ्या गुणकाची अपेक्षा धरणं चूक ठरलं असतं. पाच हा आकडा सूत्रातून येतो. तो कुठे लागू करायचा हे मात्र दुकानं, गोदामं आणि कारखाने बघूनच ठरतं.

४. आकृती नंतर, आधी आकडे घाला

आयएसच्या जोडीला पैशाच्या बाजारातल्या समतोलाची रेषा, म्हणजे एलएम, काढली की होणारी आकृती फळ्यावर सुंदर दिसते आणि घरी आल्यावर मनातून निसटते. ती पक्की करायची असेल तर एक छोटी अर्थव्यवस्था स्वतः बनवा. मी नेहमी ही देते. उपभोग म्हणजे १०० अधिक उत्पन्नाच्या ०.७५ पट. गुंतवणूक म्हणजे २०० वजा व्याजदराच्या १० पट. सरकारी खर्च १००, कर नाही. लोकांना हवा असलेला पैसा म्हणजे उत्पन्नाचा निम्मा वजा व्याजदराच्या २० पट, आणि बाजारात असलेला पैसा ४००.

सोडवल्यावर व्याजदर १० आणि उत्पन्न १२०० येतं. उपभोग १०००, गुंतवणूक १००, सरकार १००, बेरीज बरोबर जुळते. आता सरकारी खर्च २० नं वाढवा. नुसता गुणक ४ आहे, त्यामुळे उत्पन्न ८० नं वाढायला हवं होतं. प्रत्यक्षात ते १२४० वर थांबतं, म्हणजे ४० च वाढतं. उरलेले ४० कुठे गेले? उत्पन्न वाढल्यावर व्यवहारासाठी पैसा जास्त लागला, पैसा तर ४०० च आहे, म्हणून व्याजदर ११ झाला. त्यामुळे गुंतवणूक १० नं घटली, आणि त्या दहाचे गुणकानं चाळीस झाले. सरकारी खर्चानं खासगी गुंतवणुकीला बाजूला सारणं म्हणजे हेच. वहीत एकदा हातानं सोडवलं की ते पुन्हा विसरत नाही.

इथेच न थांबता एक अट बदला. हिक्सनं १९३७ मध्ये ही मांडणी केली तेव्हा पैशाचा पुरवठा ठरलेला धरला होता. आजची रिझर्व्ह बँक रेपो दर ठरवते आणि तो दर टिकावा म्हणून बाजारात लागेल तेवढा पैसा सोडते किंवा काढून घेते. तेव्हा चढती एलएम पुसा आणि व्याजदर १० ला आडवी रेषा ओढा. तेच २० खर्च करा. उत्पन्न १२८० होतं, पूर्ण ८० नं वाढतं. खर्च तोच, देशही तोच. उत्तर बदललं ते मध्यवर्ती बँक कशी वागते यावरून. डेव्हिड रोमरनं २००० मध्ये एलएमशिवाय केन्सवादी मांडणी शिकवण्याची बाजू घेतली, ती याच कारणासाठी. ‘राजकोषीय धोरण परिणामकारक असतं का?’ हा प्रश्न परीक्षेत आला, तर पहिल्याच परिच्छेदात लिहा की मध्यवर्ती बँक काय करते आहे यावर ते ठरतं. दीर्घोत्तरी प्रश्नात ही एक ओळ तुमचा पेपर इतरांपेक्षा वेगळा करते.

५. साठा की प्रवाह, हे दर पानावर विचारा

तूट हा प्रवाह, कर्ज हा साठा. गुंतवणूक प्रवाह, भांडवल साठा. उत्पन्न प्रवाह, पैसा साठा. वर्तमानपत्रांतही हे सर्रास मिसळलेलं दिसतं. बिल फिलिप्स या न्यूझीलंडच्या अभियंत्यानं १९४९ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये पाण्यावर चालणारं एक यंत्र दाखवलं होतं. टाक्या म्हणजे साठे, नळ्यांतून वाहणारं पाणी म्हणजे उत्पन्न, खर्च, कर, बचत. त्या यंत्राची चित्रफीत मिळाली तर जरूर बघा. एका झडपेचं तोंड मोठं केलं की सगळ्या टाक्यांमधली पातळी हळूहळू बदलते आणि नव्या जागी ठरते.

६. एकच ‘एम’ सगळं सांगत नाही

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री चलनातल्या नोटांपैकी मूल्यानं सुमारे ८६ टक्के नोटा रद्द झाल्या. एलएम शिकलेला विद्यार्थी चटकन म्हणेल की पैसा आटला, एलएम डावीकडे सरकली, व्याजदर वाढणार. झालं उलटं. जुन्या नोटा बँकांत जमा झाल्या, ठेवी फुगल्या, आणि जानेवारी २०१७ च्या सुरुवातीला बँकांनी कर्जाचे दर उतरवले. तरी त्याच आठवड्यांत बाजार समित्यांमध्ये रोखीवर चालणारे व्यवहार अडले होते आणि मजुरांना रोजची मजुरी देणं कठीण झालं होतं.

पुस्तकात पैशासाठी ‘एम’ हे एक अक्षर आहे. त्याच्या आत नोटा आणि ठेवी एकाच किमतीनं बसतात, कारण त्या एकमेकींत सहज बदलता येतात असं धरलेलं असतं. ही अटच काही आठवडे मोडली. ठेवी होत्या, पण त्या घेऊन भाजीवाल्याकडे जाता येत नव्हतं. म्हणून बँकेच्या बाजूनं पैसा मुबलक आणि आठवडी बाजाराच्या बाजूनं पैसा गायब, अशा दोन गोष्टी एकदम खऱ्या ठरल्या. मॉडेल टाकून देण्याचं हे कारण नाही. त्याच्या एका अक्षरात किती माणसं कोंबलेली आहेत ते कळण्याचं आहे.

७. उसाचं बिल आणि फ्रीडमन

उपभोगाच्या सिद्धान्तांवर मुलं पानंच्या पानं लिहितात. मला वाटतं आमच्या भागात ते समजायला वेळ लागू नये. उसाचं बिल वर्षातून थोड्याच हप्त्यांनी येतं, पण घरात रोज चूल पेटते. दर महिन्याच्या खर्चाचा त्या महिन्याच्या उत्पन्नाशी संबंध थोडा आणि पुढच्या दोन-तीन वर्षांच्या अंदाजाशी जास्त, हे शेतकरी कुटुंबाला कुणी शिकवावं लागत नाही. फ्रीडमननं १९५७ मध्ये हेच स्थायी उत्पन्न म्हणून मांडलं. त्यातली अट एवढीच की वाईट वर्षात रास्त व्याजानं उसने मिळाले पाहिजेत. सावकाराच्या दारात जावं लागणाऱ्याला ती अट पुरी होत नाही आणि त्याचा खर्च चालू उत्पन्नालाच बांधलेला राहतो.

८. फिलिप्स आणि टोमॅटो

त्याच बिल फिलिप्सनं १९५८ मध्ये ब्रिटनच्या १८६१ ते १९५७ या काळाचे आकडे घेऊन दाखवलं की बेकारी कमी असते तेव्हा मजुरी वेगानं वाढते. इतरांनी त्यातून धोरणकर्त्यांसाठी एक यादीच काढली, की एवढी महागाई सोसा आणि एवढी बेकारी कमी करा. फेल्प्स आणि फ्रीडमन यांनी साठचं दशक संपायच्या आत हरकत घेतली. लोक पुढच्या महागाईचा अंदाज बांधून मजुरी ठरवतात, म्हणून एकदा महागाईची सवय झाली की बेकारी पुन्हा होती तिथेच येते. सत्तरच्या दशकात महागाई आणि बेकारी दोन्ही एकदम वाढली. १९७६ मध्ये लुकासनं त्याहून खोल मुद्दा मांडला. धोरण बदललं की लोकांचं वागणंही बदलतं, म्हणून जुन्या आकड्यांवरून काढलेलं नातं नव्या धोरणाखाली टिकेल याची खात्री नाही. इथपर्यंतचा भाग पुस्तकात नीट असतो.

पुढे आपल्याकडे या. २०१२ पायाभूत वर्षाच्या ग्राहक किंमत निर्देशांकात अन्न आणि पेयांचा भार ४५.८६ टक्के होता. जुलै २०२३ मध्ये टोमॅटोचे भाव कडाडले आणि किरकोळ महागाई ७.४४ टक्क्यांवर गेली. रेपो दर वाढवून नारायणगावच्या बाजारात टोमॅटोची आवक वाढत नाही. मग मध्यवर्ती बँकेनं काय करावं? रिझर्व्ह बँकेनं दर ६.५ टक्क्यांवरच ठेवला. भाजीची महागाई हंगामाबरोबर उतरेल, पण ती मजुरी, रिक्षाचं भाडं, हॉटेलातली थाळी यांत शिरली तर टिकून बसेल, अशी त्यामागची काळजी होती. फ्रीडमन-फेल्प्स यांचा अपेक्षांचा मुद्दा इथे रोजच्या धोरणात काम करताना दिसतो. फिलिप्स वक्ररेषेवरचं उत्तर १९७० च्या अमेरिकेत संपवू नका. टोमॅटोपर्यंत आणा.

९. रुपयाचा प्रश्न आधी वाचा, मग मुंडेल-फ्लेमिंग

खुल्या अर्थव्यवस्थेचं प्रकरण सत्राच्या शेवटी येतं आणि घाईत संपतं. याच प्रकरणासाठी आपल्याकडे एक मोठं पुस्तक आहे हे बहुतेक विद्यार्थ्यांना ठाऊक नसतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा लंडनमधला ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा प्रबंध १९२३ मध्ये पुस्तकरूपानं आला. त्याच्या दहा वर्षं आधी, १९१३ मध्ये, केन्सनं हिंदुस्थानच्या चलनावर पुस्तक लिहून सुवर्ण विनिमय पद्धतीची भलामण केली होती. कुणीही आणलेल्या चांदीची नाणी पाडून देणं टाकसाळींनी १८९३ मध्ये बंद केल्यावर रुपयाचा पौंडाशी असलेला दर सांभाळणारी ही पद्धत रुळली होती. केन्सला तिच्यातली काटकसर आणि लवचिकता आवडली. आंबेडकरांनी विचारलं की दर सांभाळला, पण देशातल्या भावांचं काय? सरकारच्या हाती रुपये काढण्याची मोकळीक राहिली तर रुपयाची खरेदीशक्ती घसरते आणि ती झळ गरिबाला बसते. म्हणून त्यांनी रुपये काढण्यावर पक्की मर्यादा मागितली.

एम.ए.ला असताना मी हे पुस्तक ग्रंथालयातून आणलं आणि मला फार अभिमान वाटला. बाहेरचा दर स्थिर ठेवायचा की आतले भाव, हा प्रश्न पुढे मुंडेल आणि फ्लेमिंग यांच्या मॉडेलमध्ये समीकरणांत आला. स्थिर विनिमय दर, भांडवलाची मोकळी ये-जा आणि स्वतंत्र व्याजदर या तिन्ही गोष्टी एकदम मिळत नाहीत. दोन निवडाव्या लागतात. आणि निवड कोण करतं, त्यात कुणाचा फायदा होतो, हेही आपल्या इतिहासात लख्ख दिसतं. १९२६ च्या हिल्टन यंग आयोगापुढे रुपया एक शिलिंग चार पेन्सला असावा की सहा पेन्सला, यावर मोठा वाद झाला. मुंबईच्या गिरणीमालकांना चार पेन्स हवे होते, कारण रुपया स्वस्त तर परदेशी कापड महाग. आयोगानं सहा पेन्स सुचवले. या आयोगापुढे आंबेडकरांनी साक्षही दिली होती. मध्यवर्ती बँकेची त्याची शिफारस पुढे १९३५ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या रूपानं उभी राहिली.

मग १९९१ वाचा. परकीय चलनाचा साठा काही आठवड्यांच्या आयातीपुरता उरला, सोनं परदेशात गहाण ठेवलं गेलं आणि जुलैच्या पहिल्या तीन दिवसांत दोन टप्प्यांत रुपयाचं अवमूल्यन झालं. ठरवून धरलेला दर गंगाजळी असेपर्यंतच धरता येतो, ही मुंडेल-फ्लेमिंगमधली अट तेव्हा देशानं अनुभवली.

१०. सोलोचं मॉडेल लहान आहे, त्याला लहानच ठेवा

बचतीचा दर वाढला की दरडोई उत्पन्नाची पातळी वाढते. दीर्घकाळातला वाढीचा वेग मात्र त्यानं बदलत नाही, तो तंत्रज्ञानावर ठरतो. सोलोच्या १९५६ च्या लेखाचा गाभा एवढा आहे. पुढच्या वर्षी त्यानं अमेरिकेच्या १९०९ ते १९४९ या काळासाठी हिशेब मांडला. श्रमाच्या दर तासामागे होणाऱ्या उत्पादनातल्या वाढीपैकी सुमारे सात-अष्टमांश वाढ भांडवलानं समजावता येत नव्हती. आकृती एकदा काढा, स्थिर स्थिती दोन ओळींत सिद्ध करा आणि पुढे चला.

११. सहा जणांची समिती बसवा

रिझर्व्ह बँकेच्या पतधोरण समितीत सहा सदस्य असतात. ती साधारण दर दोन महिन्यांनी बसते आणि बैठकीनंतर चौदाव्या दिवशी तिचं इतिवृत्त संकेतस्थळावर येतं. त्यात प्रत्येक सदस्याचं मत आणि त्यामागचा विचार स्वतंत्र छापलेला असतो. मॅक्रोच्या विद्यार्थ्यासाठी याहून चांगलं वाचन मला ठाऊक नाही, आणि ते फुकट आहे.

आमच्या अभ्यासिकेत आम्ही निकाल जाहीर होण्याआधी स्वतःची समिती बसवतो. सहा जणांनी सहा मतं द्यायची, प्रत्येकानं पाच मिनिटं बोलायचं, मराठीत. कुणी महागाईच्या अपेक्षांवर बोलतं, कुणी पावसाच्या अंदाजावर, कुणी डॉलरवर. मग खऱ्या समितीचं इतिवृत्त आलं की शेजारी ठेवून वाचायचं. जून २०२४ च्या बैठकीत निर्णय चार विरुद्ध दोन असा झाला. दर ६.५ वरच राहिला, पण आशिमा गोयल आणि जयंत वर्मा या बाहेरच्या सदस्यांनी पाव टक्का कपातीच्या बाजूनं मत दिलं. महागाई उतरत असताना दर तोच ठेवला तर खरा व्याजदर गरजेपेक्षा जास्त होतो आणि त्यात वाढीचं नुकसान होतं, असा त्यांचा युक्तिवाद होता. बहुमताला महागाई चार टक्क्यांवर टिकेल याची खात्री वाटत नव्हती.

त्या दिवशी आमच्याकडे दोन तास वाद झाला. सहाही जणांपुढे आकडे तेच असताना मतं का फुटली, यावर एका एस.वाय.च्या मुलीनं फळ्यावर जाऊन दोन आडव्या रेषा ओढल्या. एक बहुमताला योग्य वाटणाऱ्या खऱ्या व्याजदराची, दुसरी त्या दोघांना वाटणाऱ्या दराची. मग तिनं विचारलं की तो ‘योग्य’ दर दिसत तर नाही, मग तो मोजतात कसा? तिथून आम्ही नैसर्गिक व्याजदराकडे गेलो, आणि पुढच्या बैठकीपर्यंतचं वाचन ठरलं.